पुलाअलीकडची पाटी आणि दत्तू

दत्तू, परवा नव्या ड्रायव्हरबरोबर मालवणहून सकाळची एसटी गाडी घेऊन निघालो. पोरगा चांगला आहे. गाडी हळुवार चालवतो, गिअर बदलताना कुरकुर होऊ देत नाही. पण खालच्या पुलाअलीकडे 'थांबा' अशी पाटी आहे, तिच्यासमोरून तो सरळ निघून गेला. वेगसुद्धा कमी केला नाही. कट्टा गावात उतरल्यावर मी त्याला विचारलं, बाबा रे, पाटी दिसली नाही का? तो म्हणाला, दिसली की, पण पुढे सगळं मोकळं होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे आजच्या आज दत्तूला सांगायला हवं. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. सवय जायला वेळ लागणार.

तुझ्यामागे लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलतात. स्वभावाने गरीब होता, कुणाला दुखवलं नाही, वगैरे. मी गप्प ऐकून घेतो. तू गरीब कसला? हट्टी होतास, आणि स्वतःच्या हट्टावर खूशही होतास. मला तुझे गुण गायचे नाहीत. त्या पाटीवरून आपला जो वाद इतकी वर्षं चालला, तो अर्ध्यावर टाकून तू गेलास, आणि मला अजून काही गोष्टी तुला विचारायच्या आहेत. समोर उत्तर द्यायला कोणी नसताना वाद घालणं ही लबाडी आहे, हे मला कळतं. तरी घालतो.

पूल तुला सांगायला नको, पण हे कुणी तिऱ्हाईत वाचेल तर त्याच्यासाठी सांगतो. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, तो पूल इतका अरुंद की एका वेळी एकच गाडी जाते. दोन्ही बाजूंनी सरकारने पाट्या लावल्या: थांबा, पुढे अरुंद पूल. पलीकडच्या बाजूला बांबूचं बेट आहे आणि वळण आहे, तिथे पाटी हवीच. त्या बाजूने येताना तू एकदाही न थांबता गेला नाहीस. पण अलीकडून, मालवणच्या बाजूने उतरताना, सगळा पूल दिसतो, पलीकडचा चढ दिसतो, चढावरची काजूची झाडं दिसतात. तिथली पाटी तुझ्या मते बिनकामाची होती. म्हणजे जाताना तू कायदा मोडायचास आणि येताना पाळायचास, तोही एकाच पुलावर.

मी तेव्हा नवीन होतो. कंडक्टर म्हणून तुझ्या गाडीवर आलो आणि नियमांचं पुस्तक अजून डोक्यात ताजं होतं. माझ्या हातात दोरी असायची. एकदा ओढली की तुझ्या डोक्यावरची घंटी एकदा वाजायची आणि तू गाडी थांबवायचास. दोनदा ओढली की निघायचास. माझ्या घंटीला तू कधी नाही म्हटलं नाहीस, म्हणून मी आरंभी शहाणपणा केला. पाटी आली की दोरी ओढली. तू थांबलास, मागे वळून पाहिलंस, आणि विचारलंस की कोण उतरतंय. कोणीच उतरत नव्हतं. गाडीभर माणसं माझ्याकडे बघायला लागली. पुन्हा मी तो उद्योग केला नाही.

पण मला कुतूहल लागलं ते तेव्हापासून. न थांबणारा माणूस बेपर्वा असतो असं मला वाटायचं, आणि तू तर पावसात ओल्या रस्त्यावर बेडूक दिसला तरी गाडी बाजूला घेणारा. मग पाटीनेच तुझं काय घोडं मारलं होतं? मी एकदा विचारलं तेव्हा तू मला पुढे इंजिनाजवळ बोलावलंस आणि पलीकडच्या चढाकडे बोट दाखवलंस. उन्हाळ्याचे दिवस होते. काजूंच्या वर तांबडी धूळ उठलेली होती. तू म्हणालास, मोठा ट्रक आहे, भरलेला आहे, कौलं असणार. आपण थांबलो, आणि बांद्याहून कौलं घेऊन येणारा ट्रक खरोखर उतरून आला. जीपची धूळ पातळ आणि लांब, ट्रकची जाड आणि जागच्या जागी लोंबकळणारी, हे मी तुझ्याकडून शिकलो. पावसात धूळ नसते तेव्हा तू रस्त्याकडेच्या कुणग्यांतले, भाताच्या खाचरांतले, बगळे बघायचास. गाडी आली की ते एका रांगेत उठतात. म्हणजे बाराही महिने तुला पलीकडचं कळत होतं, आणि पाटीपाशी पोचायच्या आधीच कळत होतं.

मी तरी हटलो नाही. मी म्हणालो, पाटी ही तुला दिसतं त्या दिवसासाठी नाही, दिसत नाही त्या दिवसासाठी आहे. त्यावर तू जे म्हणालास ते मला अजून खोडता आलेलं नाही. तू म्हणालास, "बाबी, पाटयेक थांबणारो पाटी बगता, रस्तो बगणा नाय. पाय थांबता आणि डोळे निजतत." गरज नसताना रोज थांबलं तर थांबण्याचीच सवय होते, बघण्याची मोडते, असं तुझं म्हणणं. मी त्या रात्री जेवतानासुद्धा त्याचाच विचार करत होतो. मी देवळात शिरताना हात जोडतो तेव्हा देवाकडे बघतो का? नाही बघत. हात आपोआप जोडले जातात.

मग मी इतरांनाही विचारत सुटलो, हे तुला आठवत असेल, कारण तू माझी खूप टर उडवलीस. बांद्याचा तो कौलंवाला म्हणाला की पाटी परक्यांसाठी असते, ज्याला रस्ता ठाऊक त्याला कशाला? कट्ट्याचे डॉक्टर म्हणाले, पेशंट मरायला टेकलेला असला तर थांबत नाही, एरवी थांबतो. ज्या साहेबांनी ती पाटी रोवून घेतली त्यांची जीप तर मी स्वतः न थांबता जाताना पाहिली. त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. एक बैलगाडीवाला मात्र रोज न चुकता पाटीपाशी थांबायचा. त्याला मी मोठ्या आदराने विचारलं तर म्हणाला, त्याला अक्षर वाचता येत नाही, बैलांना तिथे पाण्याचा वास येतो म्हणून ते थांबतात. तू त्या उत्तरावर इतका हसलास की चहा सांडलास.

असे ते दिवस गेले. तुझ्या घरचं जेवण मला त्याच काळात लागलं. सुट्टीच्या दिवशी मी यायचो, सुमती वहिनी तिरफळं घालून बांगड्याची आमटी करायची आणि आपण दोघे अंगणातल्या खळ्यात बसून तोच वाद उकरून काढायचो. वहिनी म्हणायची, एका पाटीवर इतकी वर्षं बोलणारी माणसं तिने दुसरी पाहिली नाहीत. मी तुझा धाकटा भाऊ नव्हतो, नातेवाईकही नव्हतो, पण त्या घरात मला कोणी कधी पाहुणा म्हटलं नाही. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे असलं बोलायची पद्धत नाही.

मग रस्त्याला डांबर आलं. वर्षभर खडी, पिंपं, धूर, आणि एक दिवस मालवणपासून कट्ट्यापर्यंत काळा कुळकुळीत रस्ता. माणसं खूश झाली, कपडे लाल होत नाहीत म्हणून. कुळीथ मळणाऱ्या बायका तर जास्तच खूश, कारण त्या रस्त्यावर पीक पसरून ठेवायच्या आणि आपल्या गाडीची चाकं फिरली की मळणी होऊन जायची. आणि त्याच मोसमात तू पाटीपाशी थांबायला लागलास.

पहिल्या दिवशी मला वाटलं, इंजिनात काही बिघाड झाला. दुसऱ्या दिवशीही तू थांबलास तेव्हा मी दोरी सोडून पुढे आलो. तू शांतपणे म्हणालास, "धूळ गेली मा, बाबी. आता थांबाक व्हया." मी जिंकलो असं मला वाटलं. आठवडाभर मी तुला चिडवलं, डेपोत सगळ्यांना सांगितलं, पेढे मागितले. तू काही बोलला नाहीस. तू वादात हरून गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तेवढं एकच मला किंचित खटकलं.

पाऊस आला. कुणगे भरले, बगळे उतरले. एका सकाळी पलीकडून जीप आली आणि बगळ्यांची अख्खी रांग उठली. मागच्या दारातूनसुद्धा ती मला दिसली. तू तरीही गाडी सोडायची तयारी करत होतास. माझ्या दोन घंट्या वाजल्या नव्हत्या म्हणून थांबून राहिलास, एवढंच. मी मनाशी म्हटलं, लक्ष नसेल. पण दिवाळीनंतर ते बुजगावण्याचं झालं. रस्त्याला लागून कुणीतरी मिरच्यांच्या वाफ्यात काठीवर जुना सदरा चढवून ठेवला होता. तू गाडी थांबवलीस आणि खिडकीतून हाक मारलीस, "चड बेगीन, उशीर जाता." गाडीतली माणसं पोट धरून हसली. तूही हसलास. मीही हसलो, दत्तू, पण गाडी पुढे गेली तरी मागे वळून त्या सदऱ्याकडे बघत राहिलो.

त्यानंतर मी तुझ्यावर नजर ठेवायला लागलो. चोरावर ठेवतात तशी. पूर्वी तू शेताच्या बांधावरून धावत येणारं माणूस नावानिशी ओळखायचास, आता कोणी हात केला तरी अगदी जवळ आल्यावर थांबायचास. सवयीचं वळण, सवयीचा चढ, सवयीचा थांबा, तिथे तुझा हात चुकत नव्हता. रस्ता तुला पाठ होता. पण रस्त्यावर रोज नवीन असतं ते पाठ कसं करणार? एक पोर, एक गाय, एक सायकल. आपल्या गाडीत बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा नसते.

खात्री करून घ्यायला मी एक गोष्ट केली. ती मी तुला कधी सांगितली नाही. पुलाअलीकडे तू थांबलास, पलीकडचा चढ पूर्ण रिकामा होता, ऊन लख्ख होतं. मी पुढे येऊन सहज बोलल्यासारखं म्हणालो, समोरून बैलगाडी उतरतेय वाटतं. तू पुढे वाकून पाहिलंस. मग मागे रेलून म्हणालास, "येवंदे तर. बैलांक घाई करूची नाय." आणि आपण दोघे त्या नसलेल्या गाडीची वाट बघत राहिलो. माणसं विचारायला लागली, का थांबलो. मी दोन घंट्या दिल्या तेव्हा तू निघालास.

त्या दिवशी मी ठरवलं की डेपोच्या साहेबांना सांगायचं. हे लिहायला सोपं आहे. तुला सांगायची सोय नव्हती असं नाही, पण तुला सांगून तू गाडी सोडली नसतीस तर मग काय? तुझी दोन मुलं शाळेत होती, माड मोजके, शेती वाटणीत गेलेली. स्टिअरिंग गेलं की तुझ्या घरात काय उरणार, हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि गाडीत रोज जी माणसं चढत होती ती मीच तर तिकिटं फाडून चढवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर डेपोत गेलो. साहेब आले नव्हते. परतल्यावर सांगतो असं मनाशी म्हणालो आणि तुझ्या गाडीवर चढलो. तू माझ्याकडे पाहून म्हणालास की आज तुझं तोंड उतरलंय, घरी सगळं बरं ना? मी हो म्हणालो.

पुलाअलीकडे तू थांबलास. मी पाहिलं, रस्ता मोकळा होता, दोन घंट्या दिल्या. तू निघाला नाहीस. पुन्हा दिल्या. तू इंजिन बंद केलंस, दार उघडून खाली उतरलास, मागच्या दाराकडे आलास, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास. "मंडळीनू, माका समोरचा दिसणा नाय. ह्या गाडयेत तुमची पोरां-बाळां आसत. मी फुडे गाडी हाकूचंय नाय." मग माझ्याकडे वळून, दुसरो ड्रायव्हर बोलव, एवढंच.

एका व्यापाऱ्याने उशीर होतो म्हणून कुरकुर केली, ती त्याची त्यालाच ओशाळवाणी वाटली असावी. माशांची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी उतरली, तुझ्या पाठीवरून आईसारखा हात फिरवून म्हणाली, बरां केलंस रे झिला. तू पुलाच्या कठड्यावर बसलास. मी कोणाची तरी सायकल घेऊन डेपोकडे निघालो, आणि वळणावर मागे पाहिलं तर तू तिथेच बसला होतास, टोपी मांडीवर ठेवून. इतका ताठ बसलेला तुला मी स्टिअरिंगवरही पाहिला नव्हता. मी सायकल चालवताना रडत होतो. दुःख किती आणि सुटल्याचं बरं वाटणं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा आतला पडदा गेलाय, चष्म्याने भागणार नाही. तू डेपोतलं हलकं काम घेतलं नाहीस, घरी सुंभ वळायला बसलास. हाताला डोळे लागत नाहीत म्हणालास. दिवस ओढाताणीचे गेले, थोरल्याने मुंबईला नोकरी धरली तेव्हा जरा सावरले. मी मात्र सुट्टीला यायचा थांबलो नाही. आमटी तशीच, खळं तेच, आणि वादही. तू म्हणायचास की तू पाटीपाशी थांबायला लागलास तेव्हाच गाडीला खरा धोका सुरू झाला, म्हणजे तुझंच खरं. मी म्हणायचो, पाटी नसती तर तू थांबला कुठे असतास? हा वाद दोघांनीही मिटू दिला नाही, आणि आता तो तसाच पडून आहे.

मी मात्र एक प्रश्न कायम टाळला. त्याच दिवशी का? आदल्या दिवशी का नाही, महिन्यानंतर का नाही? मी मनाशी धरून चाललो की योगायोग. मी सांगणार होतो हे तुला कळायला मार्गच नव्हता.

तुझं बारावं उरकलं, पाहुणे पांगले. दुपारी खळ्यात मी आणि वहिनी दोघेच होतो. पुलाचा विषय मीच काढला, तुझ्या धीराचं कौतुक करायला म्हणून. वहिनी सुपातले तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ह्येनी माका त्याच सांजेक सांगलेल्यानी. म्हणाले, बाबी सायबाक सांगतलो. तेणां सांगूकच व्हया. पण मगे तो लाजान आमच्या घराक जेवूक येवचो नाय. म्हणान तेच्या आदी मीच सांगलंय."

दत्तू, म्हणजे मी साहेबांना सांगणार हे तुला ठाऊक होतं. कधीपासून? माझं उतरलेलं तोंड पाहून कळलं, की त्या बैलगाडीपासून? त्या दिवशी तू नसलेल्या गाडीची वाट बघत थांबलास, ते दिसत नव्हतं म्हणून, की समोर काही नाही हे तुला कळलं होतं आणि मी खोटं का बोलतोय तेही कळलं होतं? समोरचं तुला दिसत नव्हतं. मागे दारात उभा असलेला मी तुला इतका स्वच्छ कसा दिसलो? हे तू मला कधी तरी सांगायला हवं होतंस. इतक्या सुट्ट्या आपण शेजारी बसून घालवल्या.

तुला एक पक्कं सांगतो. मी सांगितलं असतं. त्याच दिवशी, परतल्यावर. आणि तुझंही बरोबर होतं, त्यानंतर मी तुझ्या दारात पाऊल टाकलं नसतं. वहिनीने तांदूळ बाजूला ठेवले आणि विचारलं, जेवतलंस मा? मी नुसती मान हलवली, पाय धुतले आणि पानावर जाऊन बसलो.